जवस हुंगणारं नाक

आमचं पीक आम्ही मुद्दाम कुजवतो. बाकीच्या जगात पीक हाती आलं की शेतकरी घाम पुसून घरी जातो. आमच्याकडे जुलैमध्ये जवस मुळासकट उपटायचं, शेतातच ओळींनी आडवं निजवायचं आणि मग दव, ऊन, पाऊस त्याचं काय करतात ते बघत बसायचं. धागा असतो काडीच्या सालीत. साल आतल्या लाकडापासून सैल व्हावी लागते. कमी कुजलं तर ती सुटत नाही, जास्त कुजलं तर धाग्याचे तुकडे पडतात. मधला नेमका दिवस साधला तर त्याचं लिनन होतं, हुकला तर ते गुरांखाली अंथरायचं.

तो दिवस ओळखण्यात माझ्या नवऱ्याचा, रेझीसचा, हात धरणारा कोणी नव्हता. बाकीचे लोक काडी मोडून बघतात, बोटांत चोळतात, रंग बघतात. सोसायटीचा माणूस येऊन नमुना घेऊन जातो. रेझीस हुंगायचा. मूठभर काड्या नाकाशी धरायचा, डोळे मिटायचा आणि सांगायचा, "परवा उचल." तो म्हणायचा, हाताला आजचं कळतं, नाकाला उद्याचं कळतं. हे ऐकून मी नाक मुरडायची, पण त्याचा अंदाज चुकलेला मी कधी पाहिला नव्हता.

आमच्या समुद्रकड्यावरच्या गावांत एक रीत आहे. रस्त्याने जाणारा कोणीही गाडी थांबवतो, तुमच्या शेतात उतरतो, न विचारता मूठभर जवस उचलतो आणि मत देतो. याला इथे शेजारधर्म म्हणतात. मी याला आगाऊपणा म्हणते. आणि मत देऊन झालं की तीच मूठ घेऊन लोक आमच्या फाटकाशी यायचे, "ओदील, रेझीस आहे का घरात?" जेवण गार व्हायचं, सूप गार व्हायचं, मी गरम व्हायची. रेझीस उठायचा, हुंगायचा, सांगायचा. तेव्हा त्याचा चेहरा इतका खूश असायचा की शेवटी मी सूप पुन्हा गरम करायची.

या वर्षी आमच्या घरात एकच विषय होता, हेरिंगचं शेत. हेरिंग मासळीसारखं लांबट आहे, समुद्राच्या कड्यापर्यंत जातं, म्हणून ते नाव. आमची मुलगी मातिल्द रुआँ शहरात कपडे शिवते. तिचं छोटं दुकान आहे. कापूस नको, प्लास्टिकचा धागा नको, कारखान्यातले रंग नकोत, सगळं जमिनीतलं आणि जवळचं. तिचा जुना राग असा, की जवस आमचं, पण ते जहाजात बसून पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला कातायला जातं आणि कापड होऊन परत येतं. "पापा, तुझं जवस तुझ्याहून जास्त फिरलंय," असं ती म्हणायची. रेझीस पॅरिसलासुद्धा दोनदाच गेलाय, तेही नाखुशीने.

गेल्या वर्षी जवळच एक छोटी सूतगिरणी पुन्हा सुरू झाली आणि मातिल्दने त्यांना पटवलं. एका शेताचं जवस वेगळं कातायचं, त्याचं कापड वेगळं विणायचं, त्याचे सदरे ती शिवणार आणि सदऱ्याच्या आत शेताचं नाव असणार. गिरणीची अट एकच, माल सगळा एकसारखा कुजलेला हवा. कमी-जास्त निघाला तर नेहमीच्या ढिगात जाईल, जहाजात चढेल, विषय संपला. आणि जवस एकदा घेतलं की त्याच जमिनीत ते सात वर्षं घेत नाहीत, नाहीतर जमीन रुसते. म्हणजे हेरिंगच्या शेताला पुन्हा संधी मिळायची ती सात वर्षांनी.

"सात वर्षांनी माझे गुडघे कुठे असतील कोण जाणे," रेझीस म्हणाला होता. "यंदाच जमायला हवं."

जूनमध्ये शेत सकाळी निळं व्हायचं आणि दुपारी सगळी फुलं गळून हिरवं व्हायचं. जुलैत उपटणी झाली. ओळी छान पडल्या. आता वाट बघायची होती, आणि सगळ्यांना वाटत होतं की रेझीसला काय, तो हुंगेल आणि सांगेल. मलाही तेच वाटत होतं.

ऑगस्टमध्ये एका दुपारी जेर्वे आला. चर्चमागची जमीन त्याची. मी फाटकाजवळ घेवडा तोडत होते. त्याने मूठभर काड्या रेझीसच्या नाकाखाली धरल्या.

"बोल, डॉक्टर."

रेझीसने डोळे मिटले. नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ हुंगलं. मग म्हणाला, "अजून चार दिवस राहू दे. निवांत झोप."

"मी निवांतच झोपतो. बायको म्हणते, फार निवांत झोपतो," असं म्हणून जेर्वेने काड्या तिथेच टाकल्या आणि गेला.

लोक कचरा माझ्याच दारात टाकतात. मी त्या काड्या उचलल्या, खतात टाकायला निघाले, आणि एक आंबूस, ओल्या कुत्र्यासारखा वास नाकात गेला. मला एकदम धुणं आठवलं. का आठवलं ते कळेना.

"रेझीस, याला घाण वास येतोय. चार दिवस कसले?"

"तू घेवडा तोड."

"तू पुन्हा हुंगून बघ."

"ओदील!" तो ओरडला. "आजवर मी तुझ्या सुपात नाक खुपसलंय? मग तू माझ्या जवसात खुपसू नकोस."

तो सहसा ओरडत नाही. घरात ओरडण्याचं काम माझ्याकडे आहे. म्हणून मी घेवड्याकडे वळले आणि विचार करू लागले. मागच्या महिन्यात दूध उतू जाऊन शेगडीवर जळलं, सगळं घर धुराने भरलं, आणि हा शेजारी बसून पेपर वाचत होता. मी त्याला आळशी म्हणाले होते. त्याआधी आंबलेली साय त्याने स्ट्रॉबेरीवर घालून सगळी खाल्ली. तेव्हा मी त्याला अधाशी म्हणाले होते. माणसाला नावं ठेवायची सवय लागली की डोळ्यांसमोरचं दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी मी एक खोडी केली. आमच्याकडे लिव्हारो नावाचं चीज मिळतं. चव छान, पण वास असा की पाहुणे दाराकडे बघू लागतात. कोठीतला एक अगदी पिकलेला तुकडा घेतला, बशीत ठेवला आणि बशी त्याच्या पेपराच्या मागे, नाकापासून वीतभर अंतरावर सरकवली. मांजर उठून बाहेर गेलं. रेझीसने पान उलटलं आणि फुटबॉलचं वाचू लागला.

खोडी करताना मला हसू येत होतं. ते मावळलं. मी त्याच्या हातातून पेपर काढून घेतला. त्याने आधी चीज बघितलं, मग मला.

"कधीपासून?" मी विचारलं.

तो टेबलावरचे पावाचे कण बोटाने गोळा करू लागला. मग म्हणाला, "हिवाळ्यात ताप आला होता ना, तेव्हापासून नाक गेलंय. डॉक्टर म्हणाला, येईल परत. नाही आलं."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"काय सांगू? कॉफीचा वास येत नाही, पावाचा येत नाही. ते जाऊ दे. पण अगं, मी सकाळी हेरिंगच्या शेतात उभा राहतो आणि भिंतीसमोर उभा असल्यासारखं वाटतं." त्याने चीजची बशी हळूच दूर सारली. "नाक नसेल तर मी कोण आहे या गावात? गुडघेदुखीचा एक म्हातारा. असे इथे पन्नास आहेत."

मी त्याच्याशेजारी बसले. त्याचा हात धरला, जे मी दिवसाढवळ्या करत नाही. मग उठले आणि म्हणाले, "आधी जेर्वेचं बघू."

"मी नाही जाणार."

"तू नकोच जाऊस. तू गेलास तर तोंडावर सगळं लिहिलेलं दिसेल."

मी सायकल काढली. जेर्वेला सांगितलं, रेझीसने रात्रभर विचार केला, त्याला वाटतं आजच उचल. जेर्वेने आकाशाकडे बघितलं, डोकं खाजवलं आणि ट्रॅक्टर काढला. रेझीसचा शब्द म्हटल्यावर प्रश्न विचारायची पद्धत नव्हती. दोन दिवसांनी कळलं की त्याचा माल थोडक्यात वाचला. कडेच्या ओळी हातात घेताच तुटत होत्या. गावात रेझीसची अजूनच वाहवा झाली आणि तो लाजेने घराबाहेर पडेना.

आता हेरिंगचं शेत उरलं होतं. मातिल्दचा रोज फोन यायचा.

"पापा, कसं आहे?"

"छान आहे."

"वास कसा येतोय?"

"छान येतोय," रेझीस म्हणायचा आणि माझ्याकडे न बघता फोन ठेवायचा.

"तिला सांग," मी म्हणायची.

"सांगितलं तर ती म्हणेल, जाऊ दे पापा, सोसायटीच्या माणसावर सोड. आणि तो माणूस सांगणार आज कसं आहे. एवढं तर माझ्या बोटांनाही कळतं."

मी स्वतः शेतात जाऊन बघितलं. ओळीत वाकले, काड्या नाकाशी धरल्या. काही उमजेना. समुद्राचा खारा वास, पलीकडच्या गायी, कोणीतरी शेतात खत टाकलेलं, सगळ्याचा काला झालेला. रेझीस आशेने माझ्या तोंडाकडे बघत होता. मी मान हलवली आणि आम्ही गुपचूप घरी आलो.

त्याच संध्याकाळी धुणं काढलं. धुण्याची खोली घराच्या मागे, थंड आणि दगडी. तिथे साबणाशिवाय कसलाच वास नसतो. शेतात घालायचा रेझीसचा जुना लिननचा सदरा पाण्यात टाकण्याआधी खिसे तपासत होते, आणि वास आला. ओल्या गवताचा, आणि त्याखाली अळंब्यांचा.

मी तशीच उभी राहिले. हा वास मला पाठ होता. दर वर्षी, ऑगस्टच्या या दिवसांत, याच खोलीत, याच माणसाच्या सदऱ्याला. आधी ओलं गवत, मग अळंबी, मग एका दिवशी सदऱ्याला सायडरच्या, सफरचंदाच्या दारूच्या, रिकाम्या पिंपाचा वास येई, गोडसर आणि सुका, आणि दुसऱ्या दिवशी रेझीस जवस उचलायचा. एका पावसाळी वर्षी तो वास आला आणि पाऊस थांबेना. मग पुढचे सदरे ओल्या कुत्र्यासारखे यायला लागले आणि मी दोनदा धुतले तरी जाईनात. जेर्वेची मूठ हातात घेतल्यावर धुणं का आठवलं ते आता कळलं. लग्न झाल्यापासून मी ही पोथी वाचत होते आणि मला वाटत होतं मी कपडे धुतेय.

सदरा घेऊन मी स्वयंपाकघरात गेले.

"अजून अळंबीच आहे," मी म्हणाले.

"जेवायला?"

"शेतात, शहाण्या."

मी सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला आणि मग त्याने विचारलं, "पिंपाचा वास? तू नक्की पिंप म्हणालीस?"

"का? तुला कसला यायचा?"

"पिंपाचाच," तो म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी कोणाला कधी सांगितलं नव्हतं."

त्या दिवसापासून आमचं काम ठरलं. रोज संध्याकाळी तो तोच सदरा घालून शेतात जायचा, वेगवेगळ्या ओळींतून जवस कवटाळून उचलायचा, छातीशी धरायचा, परत ठेवायचा. लांबून बघणाऱ्याला वाटलं असेल म्हातारा पिकाला मिठ्या मारतोय. घरी येऊन तो सदरा काढून माझ्या हातात द्यायचा आणि बनियनवर उभा राहून निकालाची वाट बघायचा. मी हुंगायची, सांगायची, धुवायची, वाळवायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सदरा मातिल्दनेच पूर्वी शिवलेला. रोज धुवून तो अगदी मऊ झाला.

मग रेडिओवर सांगितलं की समुद्राकडून पाऊस येतोय. गावात धावपळ उडाली. ज्यांचं जवस शेतात होतं ते सगळे ट्रॅक्टर घेऊन धावले. जेर्वे फाटकाशी आला.

"रेझीस, हेरिंग उचलायचं नाही का? माझी माणसं मोकळी आहेत. उद्या सकाळी हात लावू."

रेझीसने माझ्याकडे बघितलं. मी सकाळी वाळवलेला सदरा त्याच्या अंगावर होता, आदल्या संध्याकाळचा निकाल त्याला माहीत होता. अळंबी. पिंप नाही.

"नको," तो म्हणाला.

"अरे, पाऊस लागला तर सगळं काळं पडेल! पोरीचं काम आहे म्हणून सांगतो."

"पोरीचं आहे म्हणूनच नको म्हणतोय."

जेर्वे गेल्यावर रेझीस पायरीवर बसला. "तुला खात्री आहे?"

"नाही," मी म्हणाले. "तुला असायची?"

"कधीच नाही. मी फक्त डोळे मिटायचो, म्हणजे भीती दिसायची नाही."

इतकी वर्षं या माणसाच्या आत्मविश्वासावर मी चिडत आले होते! माझ्या मनात आलं, आपण दोघं एकमेकांपासून काय काय लपवून जगलो.

पाऊस आला. रात्रभर छपरावर वाजत राहिला आणि आम्ही दोघं झोपल्याचं सोंग करून पडलो होतो. मला एकच दिसत होतं, मातिल्दचा चेहरा. ती रागावणार नाही, हेच जास्त वाईट होतं. ती म्हणेल, असू दे आई, सात वर्षांनी बघू.

सकाळी पाऊस थांबला आणि कड्यावरून कोरडा वारा सुटला. रेझीस जवस उलटवायचं यंत्र घेऊन गेला, ओळी पालथ्या करून आला. आमच्या शेतावरचा काळपट रंग रस्त्यावरून दिसत होता आणि येणारे-जाणारे गाड्या हळू करून बघत होते. शेजारधर्म.

संध्याकाळी त्याने सदरा दिला. मला काहीच सांगता येईना. ओलं, नुसतं ओलं. त्याच्या पुढच्या संध्याकाळीही तसंच. तिसऱ्या संध्याकाळी मी सदरा घेऊन धुण्याच्या खोलीत गेले, दार लावलं, आणि तो नाकाशी धरला.

गोडसर. सुका. आमच्या सासऱ्यांच्या तळघरातलं, वरचं झाकण काढून ठेवलेलं पिंप.

मी बाहेर आले. तो बनियनवर अंगणात उभा होता, हात बगलेत धरून.

"उद्या," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दव सुकल्यावर आम्ही उचललं. जेर्वे आणि त्याची माणसं आली, मातिल्दही रुआँहून आली. यंत्राने ओळी गुंडाळून मोठमोठे गठ्ठे होऊ लागले. जेर्वेने एक मूठ ओढून काढली, काडी मोडली, आणि साल एका सरळ लांब पट्टीत सुटून आली. चांदीसारखी करडी. त्याने दुसऱ्या ओळीतली घेतली, तशीच. तिसऱ्यातली, तशीच. तो शेताच्या मधोमध उभा राहून हसायला लागला.

"अरे राक्षसा! पावसात ठेवलंस आणि हे निघालं? कसं कळलं तुला?" आणि सवयीने ती मूठ त्याने रेझीसच्या नाकाखाली धरली.

सगळे बघत होते. मला वाटलं, आता हा डोळे मिटेल. मिटले असते तरी मी काही बोलले नसते.

रेझीसने जेर्वेचं मनगट धरलं आणि ती मूठ माझ्याकडे वळवली.

"तिला विचार. माझं नाक हिवाळ्यातच गेलं. हे शेत ओदीलने हुंगलंय."

मातिल्दने तोंडावर हात ठेवला. जेर्वे हिशेब लावत होता, ते त्याच्या कपाळावर दिसत होतं.

"म्हणजे... माझे ते चार दिवस..."

"चूक माझी," रेझीस म्हणाला. "दुसऱ्या दिवशी उचल म्हणणारी ही होती."

मला वाटलं, आता जेर्वे चिडणार. त्याचा हक्क होता. त्याने टोपी काढली, पुन्हा घातली, आणि मग पाय ओढत माझ्यासमोर आला.

"ओदील," तो म्हणाला, "सुपाच्या वेळेला आलो तर चालेल ना?"

"आधी फोन करायचा," मी म्हणाले.

मातिल्द बापाच्या गळ्यात पडली आणि बराच वेळ तशीच राहिली. त्याला काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही, मी ऐकायचा प्रयत्नही केला नाही.

गिरणीने माल घेतला. हिवाळ्यात सूत झालं, कापड झालं, आणि नवं जवस पेरायच्या सुमाराला मातिल्द पहिला सदरा घेऊन आली. न रंगवलेला, जवसाच्याच करड्या रंगाचा. आतल्या बाजूला शेताचं नाव होतं. त्याखाली तिने एक छोटं नाक शिवलं होतं. कोणाचं, ते तिने सांगितलं नाही.

रेझीसने सदरा उलगडला, हात फिरवला. मग जुन्या सवयीने त्यात चेहरा खुपसला. तसाच राहिला. मला बघवेना.

तोंड वर न काढताच त्याने विचारलं, "कसला वास येतोय गं याला?"

मी तो त्याच्या हातातून घेतला आणि हुंगला. दुकानाचा, इस्त्रीचा, मातिल्दच्या साबणाचा.

"अजून कसलाच नाही," मी म्हणाले. "घाल आणि शेतात जाऊन ये. मग सांगते."